एक तांब्या पाणी

तेवीस वर्षं मला दर महिन्याला पाळी येतेय. पण त्यात रक्त नेमकं किती जातं हे पहिल्यांदा कळलं ते या मार्चमध्ये, न्हाणीत, सिलिकॉनची एक इवलीशी वाटी हातात धरून उभी असताना! वाटीला आतून रेषा आहेत. रक्त पोचलं होतं दहा मिलिलिटरच्या रेषेच्या जरा वर. म्हणजे औषधाचे दोन चमचे. मी उजेडाकडे धरून पुन्हा पाहिलं. पॅडवर पसरलेलं बघून मला आजवर वाटायचं, अर्धा तांब्या तरी जात असेल. एका अख्ख्या पाळीत बहुतेक बायकांचं तीस ते ऐंशी मिलिलिटरच्या आतबाहेर जातं, हे मी नंतर वाचलं.

मी फुलंब्रीत राहते, तालुक्यातल्याच शाळेत शिकवते. पाळीच्या सामानाबद्दल मला सगळं ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. माहेरी आईच्या जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या. मग पेपरात गुंडाळून काळ्या पिशवीत मिळणारी पॅड आली. ८ मार्च २०१८ ला ‘अस्मिता’ योजना सुरू झाली, जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना पाच रुपयांत आठ पॅड मिळू लागली, तेव्हा ते कसं चिकटवायचं, वापरल्यावर कसं गुंडाळायचं हे वर्गातल्या मुलींना मीच समजावलं होतं. त्याच वर्षी जुलैत पॅडवरचा बारा टक्के जीएसटी गेला. पुढच्या वर्षी जनऔषधी केंद्रात रुपयाला एक पॅड मिळायला लागलं. मला वाटलं, झालं, प्रश्न मिटला. लग्नघरी वापरलेलं पॅड टाकायला जागा सापडत नाही आणि ते पर्समध्ये लपवून घरी आणावं लागतं, हे मात्र आपल्या नशिबातच आहे असं मी धरून चालले होते.

पुण्याला शिकणाऱ्या भाचीनं दिवाळीत ही वाटी, म्हणजे पाळीचा कप, हातात ठेवला. म्हणाली, “आत्या, एकदा करून तर बघ.” साडेतीनशे रुपयांचा. मापं दोन होती, बाळंतपण न झालेल्यांना लहान, झालेल्यांना मोठं. तिनं माझ्यासाठी मोठं निवडलं होतं. चार महिने तो कपाटात साड्यांच्या खाली पडून होता. एवढी वस्तू आत जाईल कशी? आतच अडकली तर? कुणाला विचारायचं?

अडकत नाही! आत वर गर्भाशयाचं तोंड असतं आणि ते इतकं बारीक असतं की कप त्यापलीकडे जाऊच शकत नाही. हे एक वाक्य मला कुणी आधी सांगितलं असतं तर ते चार महिने वाया गेले नसते.

मार्चमधल्या त्या रविवारी कप वेगळ्या पातेल्यात पाच मिनिटं उकळला. साबणानं हात धुतले. कप चपटा दाबून मधोमध दुमडला, घोड्याच्या नालासारखा. पहिल्यांदा बोटांतून निसटून टणकन उघडला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर दुखलं, कारण मी सरळ वर ढकलत होते. वाट सरळ वर जात नाही, मागे माकडहाडाकडे जाते, हे माझ्याच शरीराबद्दल मला वयाच्या छत्तिसाव्या वर्षी समजलं. मग उकिडवी बसले. आपल्याला तर जन्मापासून उकिडवं बसायची सवय! श्वास सोडला, अंग सैल टाकलं आणि तो आत जाऊन हलकेच उघडला. बोट फिरवून पाहिलं, घडी कुठे राहिली नव्हती. उठले, चालले. काहीच जाणवेना.

सोमवारी सकाळी तो काढून, धुऊन परत बसवला आणि शाळेत गेले. परिपाठ घेतला, मैदानात मुलींबरोबर लंगडी खेळले, उन्हात उभी राहिले. दुपारी डबा खाताना एकदम लक्षात आलं की आज दुसरा दिवस आहे आणि सकाळपासून मी एकदाही साडी मागून चाचपलेली नाही. मांड्या काचल्या नव्हत्या, वास नव्हता. कप आठ ते बारा तास राहतो. संध्याकाळी घरी येऊन काढला. काढताना खालची शेंडी ओढायची नाही, बूड चिमटीत दाबून आधी हवेची पकड मोडायची, हे फार महत्त्वाचं. रक्त ओतलं, कप धुतला, परत बसवला. दोन मिनिटं लागली.

हे सगळं आईला सांगितलं. तिचं आयुष्य कापूस वेचण्यात गेलं. पाळीच्या घड्या ती अंधारात धुवायची आणि परकराखाली लपवून वाळत घालायची. तिनं कप उलटासुलटा करून पाहिला, दाबला आणि विचारलं, “अन् पानी किती लागतं वं त्याला?”

“एक तांब्या.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मला एका घडीला अर्धी बादली लागायची.” २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, तोच हा मराठवाडा. इथल्या बाईला पहिला प्रश्न पाण्याचाच पडणार, आणि त्याचं इतकं चांगलं उत्तर मी आजवर ऐकलं नव्हतं.

मग मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. लिओना चाल्मर्स नावाच्या अमेरिकन नटीनं रबरी कपाचं पेटंट घेतलं ते १९३७ साली! ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१९ साली छापून आलेल्या आढाव्यात संशोधकांनी ४३ अभ्यास, सुमारे ३,३०० बायका-मुलींचे अनुभव एकत्र तपासले. कप सुरक्षित आहे आणि गळती पॅडइतकीच किंवा त्याहून कमी, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षी केरळातल्या अलप्पुळात पाच हजार कप फुकट वाटले गेले. आपल्याकडे का नाही? शिवाय कपात रक्त मोजताही येतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे महाराष्ट्रात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय होता. त्यांतल्या कितीजणी डॉक्टरांना सांगू शकतात की माझं इतके मिलिलिटर जातं? “लई जातं,” एवढंच आपण म्हणतो. माझ्या वहीत आता तीन महिन्यांचे आकडे आहेत.

कॉपर-टी बसवली असेल तर कप वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा, कारण ओढीनं ती सरकू शकते. जंतुसंसर्ग असेल तर थांबा. बाकी बायांनो, एकदा घेऊन बघा. नीट जपला तर तो दहा वर्षांपर्यंत चालू शकतो. पहिल्या महिन्यात जमलं नाही तर फेकू नका, तीन पाळ्या तरी त्याला द्या. आणि जमलं की एका तरी मैत्रिणीला घरी बोलावून, दार लावून, कप हातात देऊन दाखवा.