गच्ची सगळ्यांची

वार्षिक सभेत सौर पॅनेलचा विषय निघाला आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लगेच विचारलं, "म्हणजे आमचं लाइट बिल बंद ना?" त्यांचं काय चुकलं? फेब्रुवारी २०२४ मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना आली तीच महिना ३०० युनिट मोफत विजेचा गाजावाजा करत. घरासाठी तीन किलोवॉट बसवले की ७८,००० रुपये अनुदान. पण ते ज्याचं छप्पर त्याला. आमच्या दहिसरमध्ये गच्ची सगळ्यांची असते, म्हणजे कुणाचीच नसते.

सोसायटीला त्याच योजनेत किलोवॉटमागे १८,०००, तेही लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरापुरते. शिवाय अनुदान यंत्रणा बसल्यावर, तपासणीनंतर. आधी फंडाला हात घालायचा, आणि फंड म्हटलं की रिडेव्हलपमेंट आलीच. "बिल्डिंग पाडायचीच आहे तर खर्च कशाला?" हा मुद्दा बिनतोड वाटत होता. पण विमानतळ प्राधिकरणाच्या केंद्रामुळे (इथे सगळे त्याला रडारच म्हणतात) या भागात इमारतींच्या उंचीवर बंधनं. बिल्डर येतात, चहा पितात, जातात. शेवटी खजिनदार म्हणाले, "पॅनेल नटबोल्टवर असतात, काढून नेता येतील." ठराव झाला.

दहा किलोवॉटला साधारण हजार चौरस फूट लागतात. पत्र्याची शेड, डिशच्या छत्र्या आणि वाळवणाच्या दोऱ्या यांतून तेवढी जागा काढणं हेच खरं काम. बसवणारा मुलगा सकाळ-दुपार येऊन टाकीची सावली खडूने आखून गेला. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्या ओळीतल्या बाकीच्यांची वीज घटते, म्हणाला. वाळवणाच्या दोऱ्यांवरून मात्र सभेपेक्षा जास्त भांडणं झाली.

नेट मीटरवर आता दोन आकडे दिसतात, घेतलेले युनिट आणि दिलेले. दुपारी लिफ्ट रिकामी असते तेव्हा वीज बाहेर जाते, रात्री तेवढी वजा होते. एप्रिल-मेमध्ये साठलेली शिल्लक पावसाळ्यात उपयोगी पडते. मार्चअखेर हिशेब मिटतो. सामाईक बिल चांगलंच उतरलं. काकूंचं होतं तेवढंच आहे, त्या अजून ऐकवतात.

सध्या स्कूटरवाले चार्जिंग पॉइंट मागताहेत. योजनेत तो सामाईक सुविधेतच धरलाय. त्याच्या युनिटचे पैसे कुणी द्यायचे, यावर सभा अडली आहे.