चढावरची चाळीस मिनिटे

नागपूर हे सपाट शहर. सीताबर्डीचा किल्ला टेकडीवर आहे खरा. पण तो लष्कराच्या ताब्यात असून वर्षातून मोजक्याच दिवशी सर्वांसाठी खुला होतो. त्यामुळे रोजच्या फिरण्यात नागपूरकरांच्या पायांना चढ भेटतो तो प्रामुख्याने सेमिनरी हिल्सचाच. वाचकहो, एखाद्या पहाटे आपण माझ्यासोबत तेथे चलावे, अशी विनंती आहे. भोसलेकालीन तेलंगखेडी तलावाच्या, म्हणजे आपल्या फुटाळ्याच्या काठावरून निघू आणि टेकडीच्या रस्त्याला लागू.

काठावर सपाटी आहे तोवर फिरणाऱ्यांच्या गप्पा रंगलेल्या असतात. चढ लागला की वाक्ये तोकडी होतात. बोलता येते, पण गाणे म्हणायला सांगितले, तर जमणार नाही. हीच व्यायामाच्या योग्य वेगाची खूण होय. बोलणेही अशक्य झाले, तर वेग कमी करावा; गाणे सहज म्हणता आले, तर थोडा वाढवावा.

आता जपानी गार्डनपर्यंत जाताना आजूबाजूला पाहा. निवृत्त गृहस्थ दिसतील, महाविद्यालयीन मुले-मुली दिसतील. पंचेचाळीस ते साठ वयाच्या स्त्रियाही दिसतील. पण मला त्या नेहमीच कमी वाटतात. ज्या नाहीत, त्या या वेळी कोठे असतील? डबे भरत असतील, सासूबाईंना उपाशीपोटी घ्यायची गोळी देत असतील, सासऱ्यांना स्नानगृहापर्यंत हात धरून नेत असतील.

अशीच एक बावन्न वर्षांची स्त्री माझ्या दवाखान्यात आली होती. सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडले, तेव्हा चार महिने तिने त्यांचे सर्व केले. तपासणीनंतर खाली पडलेली पिशवी उचलायला ती वाकली आणि टेबलाचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येईना. मी व्यायामाबद्दल विचारले, तेव्हा ती हसून म्हणाली, "दिवसभर पायावरच तर असते, डॉक्टर." ते खोटे नव्हते. घरकामाने शरीर हलते, थकतेही. परंतु त्याच त्या हालचालींनी स्नायूंवर पुरेसा आणि हळूहळू वाढता भार पडत नाही. ताकद टिकते ती अशा भारामुळे.

या वयात तिच्या शरीरात काय घडते, ते घरातील सर्वांनी समजून घेतले पाहिजे. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटते आणि पुढील काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. स्नायू उतरू लागतात, पोटावर चरबी साठते, हृदयविकाराचा धोका वाढतो. अंगातून वाफा निघतात, त्या नवतप्याच्या की ऋतुनिवृत्तीच्या, हे नागपूरच्या मे महिन्यात तिलाही उमगत नाही! व्यायामाने या वाफा हमखास थांबतील, असे मी म्हणणार नाही. पण झोप व मनःस्थिती सुधारते, रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहण्यास मदत होते, हाडांची झीज मंदावते आणि तोल सावरण्याची क्षमता टिकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम वेगाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम हवेत. नुसत्या चालण्याने हा दुसरा भाग पुरा होत नाही. टेकडी जवळ नसेल, तर जिना आहे. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीतून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठावे-बसावे. हळूहळू दहा-बारांपर्यंत जावे. ओटा धरून टाचा उचलाव्यात. पाण्याने भरलेल्या बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम करावेत. खोकताना-शिंकताना लघवीचे थेंब गळतात, म्हणून अनेकजणी संकोचाने फिरणेच सोडतात. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्या-सोडण्याच्या व्यायामाने यात बराच फरक पडतो. डॉक्टरांना निःसंकोच विचारावे.

उन्हाळ्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत पहाटे निघून ऊन चढण्यापूर्वी परतावे. फारच तलखी असेल, तर घरातच व्यायाम करावा. मधुमेह, हृदयविकार किंवा गुडघ्यांचे जुने दुखणे असल्यास आधी तपासणी करून घ्यावी. छातीत दुखणे, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागल्यास तत्काळ थांबावे आणि वैद्यकीय मदत घ्यावी. आणि हो, परतताना तर्रीपोहे खायला हरकत नाही. मात्र रोज नको.

टेकडी उतरता उतरता एक गोष्ट आपल्याशी, म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांशी बोलायची आहे. आपला हात धरणारी स्त्री पन्नाशीची आहे. आपल्याला उचलून बसवताना तिची पाठ आणि तिचे गुडघे पणाला लागतात. तिची ताकद हा आपल्याही प्रकृतीचा प्रश्न आहे. "जा, फिरून ये," एवढे म्हणणे पुरेसे नाही. तिला वेळ मोकळा करून द्यावा लागतो. आपल्याला एकटे ठेवणे सुरक्षित नसेल, तर त्या चाळीस मिनिटांसाठी मुलाने किंवा नातवंडांनी जवळ बसावे, तसे वारच ठरवून घ्यावेत. जमत असेल, तर सकाळचा पहिला चहा आपण करावा. ती परतल्यावर खुर्चीतून उठण्या-बसण्याचा व्यायाम दोघांनी मिळून करावा. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा तरी आपल्यालाही हवेतच.

माझ्या त्या रुग्ण स्त्रीच्या घरी हेच ठरले. आता आठवड्यातून चार दिवस सकाळी सासूबाईंजवळ तिचे यजमान बसतात. सहा महिन्यांनी ती पुन्हा आली, तेव्हा मी मुद्दाम पेन खाली टाकले. ते उचलून तिने माझ्या हातात दिले. टेबलाला तिचा हात लागला नव्हता.