तिखट नाव

काही नावे कानाला एक सांगतात आणि अर्थाने दुसरेच. योगशास्त्रावरील ग्रंथांच्या रांगेत ‘मिर्चा एलियादे’ हे रुमानियन पंडिताचे नाव मी प्रथम वाचले, तेव्हा माझ्या मराठी जिभेवर उगाच झणझणी आली. आमच्या स्वयंपाकघराची माहिती असती, तर त्याच्या आईबापांनी खचित दुसरे नाव शोधले असते!

पण या नावाचा अर्थ पाहावा, तर त्यात तिखटपणाचा लवलेशही नाही. रुमानियन भाषा ही लॅटिनची कन्या. तथापि तेथील देवळांत व दरबारांत शतकानुशतके स्लाव्ह भाषेचे प्रस्थ असल्यामुळे तिच्या अंगावर स्लाव्ह दागिने पुष्कळ. बोगदान म्हणजे देवदत्त. राडूच्या मुळाशी आनंद. आणि मिर्चाच्या मुळाशी ‘मिर’, म्हणजे शांती. नावाच्या शेवटचा आकार त्या भाषेतही बहुधा स्त्रीलिंगी. तरी हे नाव पुरुषाचेच.

शांतीचे नाव धारण करणाऱ्यांना शांती लाभली काय? वालाकियाचा राजा थोरला मिर्चा 1386 साली गादीवर आला आणि 1418 साली वारला. (आपण ‘थोरले बाजीराव’ म्हणतो, त्याच अर्थाने हा ‘थोरला’.) त्याची बहुतेक हयात तुर्कांशी झुंजण्यात गेली. शत्रूंना सुळावर चढविणारा तो क्रूर व्लाद, ज्याचे ‘ड्रॅक्युला’ हे नाव जगभर झाले, तो या शांतिनाथाचाच नातू!

एलियादेची कथा निराळी. 1928 साली तो कलकत्त्यास येऊन सुरेंद्रनाथ दासगुप्तांपाशी दर्शने शिकू लागला. गुरुगृही त्यांच्या कन्येवर, मैत्रेयीवर, त्याचे मन जडले. 1930 साली गुरूंनी त्याला घराबाहेर काढले. 1933 साली त्याने ‘मैत्रेयी’ ही कादंबरी लिहिली. तिच्यातील चित्राने दुखावलेल्या मैत्रेयीदेवींनी 1974 साली ‘न हन्यते’ लिहून आपली बाजू मांडली. गंमत अशी की, स्लाव्ह ‘मिर’ आणि आपला ‘मित्र’ हे शब्द एकाच मुळातून फुटले, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. म्हणजे मिर्चा आणि मैत्रेयी या एकाच वृक्षाच्या दोन डहाळ्या; एक डॅन्यूबकाठी वाढली, दुसरी गंगेकाठी. नावांचे गोत्र जुळले; माणसांचे जुळले नाही.

‘नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा’ असे म्हणून आपण हसतो. मला मात्र अलीकडे या म्हणीत थोडा निष्ठुरपणा वाटू लागला आहे. सोनुबाईने आपले नाव स्वतः कोठे ठेवले होते? नाव ही ठेवणाराची इच्छा असते. ती पुरी करण्याचा करार पाळण्यातल्या जिवाने केलेला नसतो. ज्या भूमीवरून पिढ्यानपिढ्या परकी सैन्ये गेली, तेथल्या आईने मुलाच्या कानात ‘शांती’ हाच शब्द सांगावा, यात विसंगती कसली? जे घरात नाही, तेच माणूस देवापाशी मागतो. सोन्याची हौस कथलावर भागविणाऱ्या त्या आईनेही, लेकीचे नाव ठेवताना, दुसरे काय मागितले असेल?