मागच्या पानावरची बकरी

उर्दूच्या तासाला एका मुलीची वही ओढून घेतली. शेवटच्या पानावर बकरी काढली होती. ओरडायला तोंड उघडलं, पण थांबले. आठवीत माझीही वही अशीच जप्त झाली होती.

तेव्हा मी एलिमेंटरीची चित्रकला परीक्षा पास झाले होते. वस्तुचित्र जेमतेम यायचं, स्मरणचित्रात मात्र रमायचे. पुढे इंटरमिजिएटचा फॉर्म आला, तेव्हा अब्बा म्हणाले, "चित्रांनी पोट भरतं का?" रंगपेटी माळ्यावर गेली. बी.एड.ला तक्ते रंगवले, तेही गुणांसाठी.

त्या दिवशी घरी जाताना जलरंगांची पेटी घेतली. रात्री अम्मीला समोर बसवलं. हात थरथरत होता. मग खुशखतातली रीत आठवली: अक्षराची उंची कलमाच्या टोकाने उमटलेल्या ठिपक्यांनी मोजायची. मुलांना मी हेच शिकवते. तसंच कपाळ, नाक, हनुवटी मोजत गेले.

अम्मीने चित्र पाहिलं. "नाक माझं नाही," म्हणाली. मग हळूच, "तुझी जुनी पेटी मी टाकून दिली नाही गं."

दुसऱ्या दिवशी वही परत केली. बकरीची शिंगं राहिलीत, एवढंच सांगितलं.