बेरजेत उतरलेला गुणाकार
ज्वर ओसरल्यावरच्या निस्त्राण दुपारी, जुन्या दप्तरात सापडलेले लॉग टेबलचे जीर्ण पुस्तक चाळीत असता, १६१४ साली स्कॉटलंडच्या नेपियरने प्रसिद्ध केलेल्या आणि पुढे ब्रिग्जने दहाच्या पायावर आणलेल्या या गणितात गुणाकाराला बेरजेचे व भागाकाराला वजाबाकीचे सौम्य रूप लाभते, याचे मला पुन्हा नवल वाटले. २ चा लॉग ०.३०१०, ५ चा ०.६९९०, एकेकटे पाहावे तर दोन्ही दशांश न संपणारे, मिळून मात्र नेमका १! लॉग ४० अधिक लॉग ७५ उणे लॉग ३ ही पदावली कोष्टक न उघडताच लॉग १००० होते, म्हणजे ३; क्षीण चित्ताला ही ऋजुता फार सुखावते. बेरजेचा लॉग मात्र असा फुटत नाही. २ अधिक ३ चे आधी ५ व्हावेच लागतात. हा हट्ट कशासाठी, हेच मनात घोळते आहे.