मधली मोकळी जागा

मोकळी जागा मुंबईकराला पाहवत नाही. लोकलमधील तिघांच्या बाकावर चौथा मनुष्य येऊन अर्धवट टेकतो आणि आधीचे तिघे निमूटपणे सरकतात, हा येथील शिष्टाचारच होऊन बसला आहे. अशा नगरीत, पुढील वाहनापासून सदैव अंतर राखणे हाच ज्याचा स्वधर्म, असे एक यंत्र माझ्या मुलुंडच्या भाचीच्या नव्या मोटारीतून अवतरले, तेव्हा मला प्रथम त्या यंत्राची कीवच आली!

‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल’ हे त्याचे भारदस्त नाव. त्याचा पूर्वज मात्र साधा होता. राल्फ टीटर ह्या अमेरिकन अभियंत्याची दृष्टी बालपणीच गेली होती. मोटारीत शेजारी बसले असता, हाकणाऱ्याच्या लहरीप्रमाणे बसणारे हिसके त्याला असह्य होत. म्हणून वेग स्थिर राखणारे साधन त्याने योजिले; १९५० साली त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ साली ते क्रायस्लरच्या मोटारींत आले. परंतु पुढे कोण आहे ह्याची त्या साधनाला दादच नसे. नव्या यंत्राला रडारचा डोळा आहे. पुढील वाहन मंदावले की ते आपण होऊन मंदावते आणि वाट मोकळी झाली की आपण नेमून दिलेल्या वेगापर्यंत पुन्हा चढते. हे अंतर ते सेकंदांत राखते. ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार सेकंदाला सुमारे १७ मीटर धावते. तेव्हा दोन सेकंदांचे अंतर म्हणजे ३४ मीटर रिकामा रस्ता!

पुण्याच्या द्रुतगती मार्गावर हे ऐश्वर्य शोभते. तेथे दुचाकीला व रिक्षाला मज्जाव आहे. तथापि बोरघाट जवळ आला की भाची ते यंत्र बंद करते. कारण वळणावर पुढचे वाहन रडारच्या दृष्टीआड होते आणि वाट मोकळी आहे असे समजून यंत्र वेग वाढवू लागते. मुसळधार पावसातही ती त्याच्यावर विसंबत नाही.

एका रविवारी सकाळी आम्ही मुलुंडहून घाटकोपरास निघालो. पूर्व द्रुतगती महामार्ग बराच मोकळा होता, म्हणून तिने ते यंत्र चालू केले. त्या ३४ मीटरांत आधी एक रिक्षा शिरली, मग एक मोटारसायकल. यंत्र प्रत्येक वेळी विनयाने मागे सरले; मागील मोटारवाल्याने मात्र भोंग्याने आपला अभिप्राय कळविला. विक्रोळीच्या सुमारास आमच्या पुढचा टेम्पो एकाएकी बाजूला वळला. त्याच्यापुढे, मागे झाडाची फांदी खोचलेला, बंद पडलेला ट्रक उभा होता! टेम्पो दूर होताच आमच्या मोटारीने वेग घेण्यास आरंभ केला; परंतु भाचीचा पाय आधीपासूनच ब्रेकवर तयार होता. तिने तो दाबला आणि आम्ही ट्रकच्या बऱ्याच अलीकडे थांबलो.

“मामा,” ती शांतपणे म्हणाली, “चालत्या गाडीच्या मागे राहणे ह्याला चांगले जमते. उभ्या वस्तूचा मात्र भरवसा धरू नये.” त्याचे कारणही तिने सांगितले. रस्त्याकडेचे फलक व पुलांचे कठडे पाहून प्रत्येक वेळी ब्रेक लागला, तर मोटार चालायचीच नाही. म्हणून भरवेगात असताना अशी कित्येक यंत्रे स्थिर वस्तूंकडे काणाडोळा करतात. त्या ट्रकची गणना अशाच वस्तूंत झाली असावी.

दहांपैकी नऊ कामे चोख करणारा नोकर धन्याला सुस्त करतो. आणि दहावे काम नेमके प्राणाशी गाठ घालणारे निघते. पायाला विश्रांती मिळाली म्हणून डोळ्याने वर्तमानपत्राकडे किंवा मोबाईलकडे वळावे, हा ह्या यंत्रातील खरा धोका होय.

आता उपनगरात भाची ते यंत्र लावीत नाही. अंतर मात्र तिने सोडले नाही. पुढची मोटार एखाद्या खांबापाशी आली की ती मनात दोन सेकंद मोजते. तेवढ्यात आपण खांबाशी पोहोचलो, तर वेग कमी करते. “अशाने सारे जग आपल्यापुढे जाईल,” असे मी एकदा म्हणालो. तिने हिशेब मांडला: मध्ये शिरणारे प्रत्येक वाहन आपले सुमारे दोन सेकंद घेते, घाटकोपर येईतो दहा शिरली, तर वीस सेकंद गेले.

त्याच्या कितीतरी पट वेळ आम्हांला घाटकोपरास मोटार उभी करण्यास जागा शोधताना लागला.