बिनशंखाची गोगलगाय

आमचं राजूर म्हणजे वणीजवळचं कोळशाचं आणि चुन्याचं गाव. एका अंगाला खाण, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या. दोरीवर वाळत घातलेला सदरा संध्याकाळी काळा होतो की पांढरा, ते वाऱ्यावर अवलंबून! समुद्र मात्र इतका लांब, की नकाशात बोटं टेकवत मोजावा लागतो.

तिसरीच्या वर्गात एकदा मी सांगितलं, की आपला चुनखडक फार फार पूर्वी समुद्राच्या तळाशी साचला. दुसऱ्या दिवशी एक मुलगा दप्तरातून गोटाच घेऊन आला. त्याचे बाबा भट्टीवर कामाला. म्हणाला, "मॅडम, हा समुद्रातला गोटा हाय, तं मंग याच्यात शंख काहून नाही?"

मी गप्प! घरी जाऊन पुस्तकं चाळली, तेव्हा उत्तर मिळालं. आपल्याकडचा हा खडक इतका जुना, की तो साचला तेव्हा शंख-शिंपल्यांचे प्राणी पृथ्वीवर आलेच नव्हते. हे ऐकून त्यानं हुकूमच सोडला, "मंग तुमी समुद्रावर जान, तं एक जित्ता शंख आणजा."

"जित्ता नाही आणता येणार. फोटो आणीन," मी कबूल केलं. वर्गात दिलेला शब्द म्हणजे काय, ते तुम्हाला माहीतच आहे.

दिवाळीच्या सुट्टीत भावाच्या कुटुंबासोबत मालवणला गेले. वणी, नागपूर, कुडाळ, मालवण. बसून बसून पाठ आखडली. पण किनाऱ्यावरून सिंधुदुर्ग किल्ला दिसला आणि शीण पळाला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली या किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याच्या आजूबाजूचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे पाण्याखाली प्रवाळ आहेत आणि ते पाहायला लोक स्कुबा करतात. म्हणजे पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी आणि डोळ्यांवर काचेचा मुखवटा.

मला पोहता येत नाही. पण सोबत शिकवणारे दादा असतात, ते हात सोडत नाहीत. आधी उथळ पाण्यात त्यांनी तोंडाने श्वास घ्यायला शिकवलं. कान दुखू लागले की नाक दाबून हलकेच हवा फुंकायची, म्हणजे कान मोकळे होतात. बोलता येत नाही, म्हणून हातांच्या खुणा. अंगठा आणि बोट जुळवून गोल केला, की सगळं ठीक. नुसता अंगठा वर केला, की 'मला वर न्या'.

खाली गेल्यावर पहिलं प्रवाळ दिसलं मात्र, आनंदाच्या भरात मी अंगठाच दाखवला! दादांनी मला सरळ वर आणलं.

"काय झाला ओ मॅडम?"

"काही नाही हो. छान वाटलं!"

नावेतले सगळे हसले. पुन्हा खाली.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे बरं का! ती इवल्या इवल्या प्राण्यांची वसाहत असते. समुद्राच्या पाण्यातली द्रव्यं घेऊन ते चुन्याची घरं बांधतात. म्हणजे चुन्याच्या गावाहून निघाले आणि चुन्याच्याच गावी पोचले की मी! या प्राण्यांना पाठीचा कणा नसतो. शंख, खेकडे, समुद्रफूल, हे सारे त्याच बिनकण्याच्या गोतावळ्यातले.

मी भाड्याचा छोटा कॅमेरा नेला होता, पाणी न शिरणाऱ्या डबीत बसवलेला. तिथे एक गंमत दिसली. माझ्या हातातली लालचुटूक बांगडी मातकट दिसू लागली! पाणी उजेडातला लाल रंग सगळ्यांत आधी पिऊन टाकतं. खरे रंग पाहायचे तर विजेरी हवी. पण पाणी गढूळ असलं की विजेरीच्या उजेडात कणच कण चमकतात आणि फोटोत जणू बर्फ पडतो. माझे पहिले बरेच फोटो तसलेच.

शंख काही दिसेना. वेळ संपत आली. तेवढ्यात दादांनी एका खडकाच्या कडेला विजेरी धरली. बोटाच्या दोन पेरांएवढी एक गोगलगाय! पांढरट अंग, काठाला जांभळी-पिवळी किनार. डोक्यावर दोन शिंगं आणि पाठीवर फुलासारखा गुच्छ. तो गुच्छ म्हणजे तिचे कल्ले. पाठीवर शंख मात्र नाही! हिला न्युडिब्रँक म्हणतात, म्हणजे उघड्या कल्ल्यांची. अंड्यातून बाहेर येते तेव्हा तिला इवलासा शंख असतो, मग ती तो टाकून देते. मग तिचं रक्षण कसं होतं? यांच्यातल्या कितीतरी जाती समुद्रातले स्पंज खातात आणि त्यांतलं विष स्वतःच्या अंगात साठवतात. भडक रंग म्हणजे 'मला खाऊ नका' अशी पाटीच.

लाटेनं मी डुलत होते, कॅमेरा हलत होता. आधारासाठी मी हात पुढे केला, तो थेट प्रवाळाकडे. दादांनी मनगट पकडून मागे ओढलं. कॅमेरा हलला, फोटो गेला. क्षणभर राग आला, खोटं कशाला सांगू? मग लक्षात आलं, माझ्या पंजाखाली त्या इवल्या जिवांचा चेंदा झाला असता. कायद्यानंही प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. आणि मी शिक्षिका!

दादांनी मला मागून घट्ट धरलं. मी श्वास संथ केला आणि दोनदा बटण दाबलं. एक फोटो धूसर. दुसरा बरा.

(पालकांसाठी एक सांगते. हे प्राणी पाहायला स्कुबाचा खर्च करायलाच हवा असं नाही. २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीच्या वेळी मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यांवर लोकांना असे जीव दाखवत आली आहेत.)

सुट्टीनंतर फोटो वर्गात फिरला. आमच्या गोटेवाल्याने तो उलटसुलट करून पाहिला.

"हा कुठचा शंख मॅडम? याच्यावर तं घरच नाही!"

मी सगळी हकीकत सांगितली. कोकणात पूर्वी शिंपले भाजून चुना करत, तेही सांगितलं. तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला,

"म्हंजे मॅडम, याले कोनी भट्टीत नाही टाकनार. याचा चुनाच होत नाही!"

फोटो त्यानं भूगोलाच्या वहीत ठेवलाय. मला अजून परत दिलेला नाही.